झाडाचा उपास

कार्तिकीची वारी आटोपून आम्ही गावाकडे परतत होतो. सांगोल्यास गाडी बदलावी लागते. तेथे उतरल्यावर कळले की पुढची गाडी दोन तासांनी आहे. बरोबर आमच्या दिंडीतले तात्या होते. तात्या म्हणजे कोरडवाहू शेतकरी, टाळाला पक्के, बोलायला थोडे आणि गुडघ्यांनी अधू. स्टँडाबाहेर चहा घेत असता समोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. तात्यांनी तो मोठ्याने वाचला, "वाळवंटातील वनस्पती. छायाचित्रांचे प्रदर्शन. सर्वांस प्रवेश." वाचले आणि ते बुचकळ्यात पडले. म्हणाले, "महाराज, वाळवंटात कसल्या आल्यात वनस्पती? परवा आपण तिथंच तर होतो. कडेला थोडं लव्हाळं होतं, बाकी सगळी माणसंच माणसं."

वाचकहो, तात्यांना हसू नका. वाळवंट म्हटले की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच जागा उभी राहते. चंद्रभागेचे पात्र, भिजलेली वाळू, ठिकठिकाणी उभी राहिलेली कीर्तने आणि पायांना होणारा तो गारवा. जेथे पाण्याचा थेंब नाही त्या मरुभूमीलाही आपल्या भाषेने तोच शब्द दिला आहे. आजवर त्यात काही चमत्कारिक आहे असे आम्हांस कधी वाटले नव्हते. तात्यांमुळे ते प्रथम ध्यानात आले. त्यांस समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग चला, बघू तरी. इथं बसून गुडघे धरण्यापेक्षा तिथं उभं राहू."

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होते. दिवाळीची सुट्टी होती म्हणून बाके एका कडेला रचून ठेवली होती आणि दोऱ्या बांधून त्यांवर चित्रे अडकवली होती. चित्रे काढणारी मुलगी याच गावची. नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत ॲरिझोना प्रांतात राहिली, पुढे जोधपुरास आली. दोन्ही ठिकाणी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन ती रानोमाळ हिंडे. मुलगी म्हणतो खरे, पण वय पस्तिशीचे असावे. दाराशी खुर्ची टाकून बसली होती. कोणी विचारले तर सांगे, न विचारले तर गप्प. तिचा हा स्वभाव आम्हांस फार आवडला. आजकाल दाखवणाराच जास्त बोलतो.

आम्ही चित्रकलेतले जाणते नव्हेत. छायाचित्र चांगले कोणते नि वाईट कोणते हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण पहिल्याच चित्रापाशी आमचे पाय थांबले. उजाड डोंगराचा उतार, मागे तांबडे आभाळ, आणि मध्ये एक अवाढव्य निवडुंग, चांगले चाळीस फूट उंच, दोन्ही बाहू वर करून उभे. तात्या म्हणाले, "हा तर रिंगणात उभा राहिल्यासारखा दिसतोय." त्या झाडाला तिकडे सग्वारो म्हणतात. खालच्या चिठ्ठीवर माहिती होती. ट्यूसॉन शहराच्या आसपास, जेथे ही झाडे पुष्कळ आहेत, वर्षाला सुमारे १२ इंच पाऊस पडतो. आमच्या माणदेशात अठरा-वीस इंच पडतो आणि आम्ही त्यास दुष्काळी मुलूख म्हणतो. बी रुजल्यापासून पहिल्या आठ वर्षांत हे झाड जेमतेम इंच-दीड इंच वाढते. पहिले फूल साधारण पस्तिसाव्या वर्षी येते. ते बाहू फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षे जातात, आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ झाड जगते.

माहिती उत्तम होती. पण प्रत्येक चिठ्ठीखाली तांबड्या शाईने एक सुविचार लिहिला होता. हे काम शाळेतल्या मुलांचे. फळ्यावर रोज सुविचार लिहायची सवय, ती इथेही आली. सग्वारोखाली होते, "थोडक्यात समाधान, हेच खरे धन." पुढे राजस्थानातल्या केर झुडपाचे चित्र होते. त्याला पाने जवळजवळ नसतातच, हिरव्या काटक्यांवर तांबडी फुले येतात. त्याखाली लिहिले होते, "पाने नसली तरी तक्रार नाही." आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातले एक चित्र तिला कोणा स्नेह्याने दिले होते. वेल्विट्शिया नावाचे ते झाड जन्मभर दोनच पानांवर राहते. तीच दोन पाने बुंध्यापासून वाढत जातात, टोकाशी फाटून त्यांच्या चिंध्या होतात, आणि काही झाडे हजार वर्षांहून म्हातारी आहेत म्हणतात. त्याखाली, "गरजा कमी, आयुष्य जास्त." मुलांनी मनापासून लिहिले होते, अक्षरही वळणदार. आम्हीही एकेक वाचून मान डोलवत पुढे चाललो होतो. खोटे कशाला सांगू, पुढच्या महिन्याच्या कीर्तनाला दृष्टान्त सापडला असे मनात येऊन आम्ही खिशातली वहीही काढली.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली. बोलण्यावरून मोठे डाळिंबवाले बागाईतदार दिसले. बरोबर नातू आणि नातवाला कडेवर घेतलेला त्यांचा गडी. सग्वारोखालचा सुविचार त्यांनी वाचला, खूष झाले आणि गड्याकडे वळून म्हणाले, "बघ रे. हे झाड कधी पाणी मागतंय का? शीक जरा." यात दुष्टपणा नव्हता. थट्टाच होती. गडी हसला, नातवाला दुसऱ्या कडेवर घेतले आणि मालकामागून पुढे गेला.

ते हसू आमच्या ओळखीचे होते. कुठे पाहिले, हे आठवायला मात्र थोडा वेळ लागला. आठवले तेव्हा हातातली वही तशीच मिटली.

१९७२ साल. आमचे वय तेव्हा चोवीस-पंचवीस, नुकतेच कीर्तनास उभे राहू लागलो होतो. पाऊस सपशेल गेला होता. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना वर्णनाची गरज नाही आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. सरकारने ठिकठिकाणी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. आमच्या गावाजवळ पाझर तलावाचे काम होते आणि रस्त्याची खडी फोडायची होती. बाया, पोरे, म्हातारी माणसे, सगळे हातोडी घेऊन बसलेले. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि सरकारी सुकडी. एका संध्याकाळी तेथल्या मुकादमाने आमचे कीर्तन ठेवले. आधी त्याच्या घरी आम्ही गरम भाकरी, पिठले आणि वर वाटीभर दूध घेतले. मग उभे राहिलो आणि निरूपणाला विषय कोणता घ्यावा? संतोष! ज्याला काही नको तो राजा, हाव हेच दुःखाचे मूळ, मिळेल त्यात आनंद मानावा, असे दीड तास सांगितले. आवाज चांगला लागला होता. पुढेच एक म्हातारी बसली होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. आम्ही 'हाव' म्हणालो तेव्हा ती हसली. त्या हसण्याला आम्ही भक्तिभाव समजलो, आणि पन्नास वर्षे तसेच समजत आलो. सांगोल्यात त्या गड्याचे हसू पाहीपर्यंत.

येथे कोणी शंका घेईल की आम्ही तेव्हा खोटे काय सांगितले? संतोष हा सद्गुण नव्हे काय? संतांनी तोच सांगितला, आम्हीही आजवर तोच सांगत आलो. हाव वाईट हे त्या दिवशी खरे होते आणि आजही खरे आहे. मग बोचते ते काय? त्या झाडापुढे उभे राहून आम्ही याचाच विचार करू लागलो. चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या, या खेपेस तांबडी शाई सोडून. आणि कळत नव्हते ते त्या मुलीला विचारले.

विचारता विचारता असे ध्यानात आले की त्या झाडाला समाधान वगैरे काही नसते. पाऊस आला म्हणजे सग्वारो इतके पाणी पिते की सांगता सोय नाही. त्याची मुळे खोल जात नाहीत, वीतभर मातीतच पसरतात; पण झाड जितके उंच तितकी चहूकडे लांब जातात. जमीन भिजली की त्या मुळांना थोड्याच दिवसांत नवी बारीक मुळे फुटतात आणि थेंब न् थेंब ओढून घेतात. अंगावर उभ्या घड्या असतात. पाणी भरेल तशी त्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात आणि झाड फुगते. मोठ्या झाडाचे वजन कित्येक टन भरते, त्यात बहुतेक पाणीच. मग ते साठवून जपून वापरते. आपली झाडे दिवसा हवा घेतात. हे दिवसभर अंगावरची सारी छिद्रे बंद करून ठेवते आणि उन्हाची वेळ टळली की रात्री उघडते. आता सांगा, हे पाणी न मागणारे झाड? याच्याइतके पाणी मागणारे झाड आम्ही पाहिले नाही! त्याचे मागणे वर्षातून दोनच वेळा ऐकू येते, एवढेच.

राजस्थानातल्या खेजडीची तीच गोष्ट. खेजडी म्हणजे आपली शमी, काही ठिकाणी सौंदड म्हणतात ती. वरून पाहाल तर बेताचे, काटेरी, शांत झाड. पण मुळे जमिनीत शंभर-शंभर फूट खोल गेल्याच्या नोंदी आहेत. वर मिळत नाही म्हणून ती स्वस्थ बसत नाही. खाली शोधत जाते. अशा शोधणाऱ्याला अल्पसंतुष्ट म्हणायचे तर विहीर खणणाऱ्यालाही म्हणावे लागेल.

एका चित्रात नुसती वाळू होती आणि शेजारच्या चित्रात तीच जागा फुलांनी भरलेली. मध्ये एक पाऊस झालेला. तेथे अशी इवली झुडपे आहेत की बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते. काहींच्या सालीत एक द्रव्य असते, ते असेपर्यंत बी उगवत नाही. चार थेंब पडले तर द्रव्य तसेच राहते. झाड पुरे होईल इतका पाऊस झाला तरच ते धुऊन जाते. हे ऐकल्यावर मात्र तात्यांनी त्या चित्रापुढे हात जोडले. म्हणाले, "आम्ही मृगाच्या एका सरीवर पेरतो आणि दुबार पेरणीला सावकाराकडे जातो. हे आमच्याहून शहाणं." तात्यांचा सावकार म्हणजे आता पतसंस्था, पण शब्द त्यांनी जुनाच ठेवला आहे.

आणखी एक चित्र कोपऱ्यात होते. तेथे फारसे कोणी थांबत नव्हते, कारण पाहण्यासारखे काही दिसत नव्हते. एक झुडुपवजा काटेरी झाड, आणि त्याच्या बुडाशी बोटभर उंचीचे हिरवे टेंगूळ. ती मुलगी स्वतः उठून आली आणि म्हणाली, "हे माझं सगळ्यात आवडतं." ते टेंगूळ म्हणजे सग्वारोचे पोर. मोठेपणी चाळीस फूट वाढणारे आणि उन्हाला दाद न देणारे हे झाड लहानपणी उघड्यावर जगत नाही. दुपारच्या उन्हाने करपते, थंडीच्या रात्री गोठते, नाही तर उंदीर-सशांच्या तोंडी पडते. म्हणून एखाद्या दुसऱ्या झाडाच्या सावलीत पडलेले बीच बहुधा वाढते. तिकडे त्या सावली देणाऱ्याला दाई म्हणतात. पालो व्हर्डे, आयर्नवुड, मेस्किट अशी ती झाडे. मेस्किट तर आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातले. म्हणजे जे झाड आम्ही सगळ्यांनी सहनशीलतेचा पुतळा म्हणून पाहिले, त्याला आधी कित्येक वर्षे कोणीतरी सावली धरली होती. त्या सावलीखाली मुलांनी सुविचार लिहिलेला नव्हता. जागाच उरली नसेल.

आता आमच्या शंकेकडे येऊ. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, उपास आणि उपासमार. दोहोंत पोट रिकामेच राहते. वरून पाहणाऱ्याला फरक कळायचा नाही, छायाचित्रात तर मुळीच कळायचा नाही. पण एकादशी करणाऱ्याला ठाऊक असते की घरात धान्य आहे आणि द्वादशीला पारणे आहे. त्याने ताट स्वतः बाजूला सारलेले असते. उपासमारीत ताटच नसते. पहिल्यात माणूस 'नको' म्हणतो, दुसऱ्यात त्याला कोणी विचारलेलेच नसते. संतोष हा गुण पहिल्या ठिकाणचा. ज्याला नाकारता आले असते त्याने नाकारले तर ती त्याची कमाई. ज्याला नाकारायला काही दिलेच नाही, त्याच्या रिकाम्या हातांना 'संतोष' हे नाव आम्ही द्यायचे, यात आमचा कोणता त्याग झाला? आमच्या पोटात तर मुकादमाचे दूध होते.

म्हणून आम्हांस वाटते की प्रश्न काय सांगितले एवढ्यावर सुटत नाही. कोणी, कोणाला आणि काय खाऊन सांगितले, हे पाहावे लागते. तेच वाक्य माणसाने रात्री अंथरुणावर स्वतःशी म्हटले तर ते औषध आहे. सावलीत उभ्या असलेल्याने उन्हातल्याला म्हटले की तेच जाच होते. वैद्यकशास्त्रातही एकाचे पथ्य दुसऱ्याला मारक ठरतेच की.

आणि आपल्या परंपरेत थोर मंडळींनी उपाशी माणसापुढे काय केले, ते आपण दरसाल ऐकतो, पण ऐकून सोडून देतो. दामाजीपंतांचे मंगळवेढे सांगोल्याहून फार लांब नाही. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा पंतांनी त्यांना संतोषावर प्रवचन दिले नाही. बादशहाची कोठारे उघडली. डोक्यावर तलवार टांगलेली असताना उघडली. एकनाथ महाराज रामेश्वरासाठी गंगेची कावड नेत होते. वाटेत तापल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत होते. नाथांनी त्याला तितिक्षा म्हणजे काय ते समजावले नाही! कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. हीच माणसे स्वतःच्या बाबतीत मात्र किती थोडक्यात राहत. स्वतःला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असा त्यांचा उफराटा पक्षपात होता. आमचा पक्षपात असतो, पण सुलटा.

अलीकडचे उदाहरणही आहे. आपल्या विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी, मागेल त्याला काम दिले पाहिजे, असा आग्रह धरला. तासगाव तालुक्यात आधी प्रयोग झाला. ७२ च्या दुष्काळात ती गोष्ट राज्यभर गेली, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तेथून 'मागेल त्याला' हे दोन शब्द कायद्यात आले. मागणे म्हणजे हाव नव्हे, हे कायदा करणाऱ्यांना आमच्यासारख्या कीर्तनकारांच्या आधी समजले, हे मान्य केलेले बरे. पुढे त्या कामांत काय काय चालले ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो विषय येथे नको.

वाळवंटातली माणसेही झाडाकडे पाहून हातपाय गाळून बसत नाहीत. जोधपुराजवळ खेजडली गावात १७३० साली राजाची माणसे चुन्याच्या भट्टीसाठी खेजड्या तोडायला आली. तेव्हा अमृतादेवी नावाची बिश्नोई बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यासह ३६३ माणसांनी प्राण दिले असे सांगतात. त्या गावचे एक चित्र तेथे होते, शांत झाडी आणि खाली चरणारी काळविटे. ॲरिझोनात सग्वारोच्या मुलखात एक जुनी जमात राहते, टोहोनो ओऑदम. या नावाचा अर्थच 'वाळवंटातले लोक'. हे कळल्यावर तात्या भलतेच खूष झाले, "म्हणजे आपलेच." ती माणसे सग्वारोला माणसासारखे मानतात. उन्हाळ्याच्या भरात त्याची फळे लांब काठीने काढतात, आणि तीही सग्वारोच्याच वाळलेल्या फासळ्यांची. त्या सुगीपासून त्यांचे वर्ष सुरू होते, आणि त्याच फळांचे आंबवलेले पेय करून ती पाऊस मागतात. मागतात, हे लक्षात घ्यावे.

हे सगळे आम्ही तात्यांना बाकावर बसवून बोलून दाखवले. बहात्तरचे ते कीर्तनही सांगितले. बोलताना आमचा गळा थोडा भरून आला होता. तात्या ऐकत होते. मग म्हणाले, "महाराज, त्या कीर्तनाला मी होतो. चौदा वर्षांचा. तिथंच खडी फोडत होतो."

आम्हांस हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे बरोबर चाललो, कधी निघालेच नाही.

"तुम्ही काय सांगितलं ते काही ध्यानात नाही," तात्या म्हणाले. "शेवटी गूळ-खोबरं वाटलं होतं, ते आहे. तेव्हा तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. पण तुमचं ते उपास आणि उपासमार बोललात ना, तिथं माझं एक अडतंय. आमच्या घरात पाच माणसं आणि भाकऱ्या तीन. आई रोज म्हणायची, मला आज भूक नाही. हसून म्हणायची. आम्हा पोरांना कळायचं की हे खोटं. तरी आम्ही खायचो. आता त्याला तुम्ही काय म्हणणार?"

आम्ही काही बोललो नाही. त्या माउलीपुढे ताट नव्हते असे म्हणावे तर होते. तिने सारले होते. स्वेच्छेने सारले म्हणावे तर चौथी भाकरी असती तर तिने सारले असते का? ज्या रेषेच्या भरवशावर आम्ही एवढे बोललो, ती रेषा त्या घरात चुलीपाशी येऊन पुसली गेली होती. आणि तरीही, कोणा बागाईतदाराने तिचे उदाहरण देऊन आपल्या गड्याला शिकवावे हे आम्हांस खपले नसते. तात्यांनाही खपले नसते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. पण तिची गोष्ट सांगण्याचा हक्क तात्यांना होता, आणि त्यांनी ती कोणाला शिकवण्यासाठी सांगितली नव्हती.

थोड्या वेळाने तात्या उठले आणि कोपऱ्यातल्या त्या चित्रापाशी गेले. त्या मुलीला विचारले, "बाई, हे पोर मोठं झाल्यावर त्या सावलीवाल्या झाडाचं काय होतं हो?"

ती जराशी थांबली. मग म्हणाली, "आजोबा, पुष्कळदा ते वाळतं. सग्वारोची मुळं वरच्यावर पसरतात ना, पावसाचं पाणी तीच आधी ओढून घेतात. दाईला पुरत नाही."

तात्यांनी चित्राकडे आणखी थोडा वेळ पाहिले. मग विषय बदलल्यासारखे करून केरच्या चित्रापाशी गेले आणि म्हणाले, "ही तर आमची नेपती! ओढ्याकाठी आहे. हिच्या कच्च्या फळांचं लोणचं घालतात." ती मुलगी उठलीच. याच गावची असून तिला हे नाव ठाऊक नव्हते. तिने पेन्सिल काढली आणि चिठ्ठीवर 'नेपती' लिहिले. मग तात्या पुढे आणि ती मागे. खेजडीखाली सौंदड आले. राजस्थानच्या रोहिड्याला केशरी फुलांचे घोस लागलेले होते. त्यापाशी आमचीही वर्णी लागली, कारण रक्तरोहिडा हे नाव आम्हांस ठाऊक होते. लिहिता लिहिता ती म्हणाली, "हे सुविचार मुलांनी लिहिले. मला काढून टाकावेसे वाटतात, पण त्यांना वाईट वाटेल."

तात्या म्हणाले, "राहू द्या. पोरांचं अक्षर चांगलं आहे."

शेवटी फिरून सग्वारोपाशी आलो. तिने पेन्सिल धरून विचारले, "आजोबा, याला आपल्यात काय म्हणायचं?" तात्यांनी मान वर करून ते दोन बाहू पाहिले. आम्हांस वाटले, मघाचे रिंगणातले काही सांगतील. पण ते म्हणाले, "याचं नाव त्या तिकडच्या वाळवंटातल्या लोकांनी ठेवलंच असेल की. तेच लिहा."

स्टँडावर आलो तेव्हा गाडी लागली होती. गर्दी फार होती. एका पोराने उठून तात्यांना बसायला जागा दिली. आम्ही आटपाडीपर्यंत उभेच होतो.